रेस्क्यू बोटीचं ट्रिम : कृष्णाकाठच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी

ट्रिम म्हणजे पळताना बोटीचं तोंड किती वर किंवा खाली राहतं ते. आमची बोट १४ फुटी, फायबरची, तळ हलका व्ही आकाराचा. इंजिन ४० एचपी, टू-स्ट्रोक, लाँग शाफ्ट (लांब दांड्याचं), दोरी ओढून चालू करायचं आणि हँडलवर चालवायचं. पॉवर ट्रिम, म्हणजे बटणाने इंजिनाचा कोन बदलायची सोय, नाही. कोन बदलायचा तर इंजिन बोटीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटमधली पिन काढून दुसऱ्या भोकात घालायची, एवढीच सोय.

२०१९ च्या पुरानंतर गावाने वर्गणी काढून ही बोट घेतली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं तेव्हा तिचा खरा कस लागला. सहा माणसं बसली की तोंड आभाळाकडे, मागची बाजू पाण्यात रुतलेली, इंजिन जीव तोडून ओरडतंय आणि बोट धारेत जागची हलत नाही. हँडलवर बसलेल्याला समोरचं काही दिसायचं नाही. मळ्यातल्या वस्तीवरून लोक आणताना बोटीमागे उठणारी लाट कुडाच्या आणि मातीच्या भिंतींवर आपटायची, ती वेगळीच. रिकामी बोट पळवली की उलटा त्रास : फुल रेसला तोंड एकसारखं वर-खाली आपटायचं.

तेव्हापासून गावात एकच ऐकतोय, इंजिन कमी पडतंय, साठचं घ्या. पण बोटीच्या आतल्या पट्टीवर बनवणाऱ्यानेच जास्तीत जास्त ४० एचपी लिहिलंय. साठचं लावणं म्हणजे पाठीमागे आणखी वजन आणि इंजिन जिच्यावर टांगतात त्या मागच्या फळीला झेपणार नाही असा जोर. म्हणून पावसाळ्याआधी आहे तेच इंजिन नीट बसवायचं ठरलं. चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणी या पट्ट्यात अशा बोटी बऱ्याच गावांनी घेतल्यात, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहून ठेवतोय.

११ जानेवारी

बोट ट्रॉलीवर, ट्रॅक्टरच्या शेडमध्ये. आज फक्त मापं घेतली. पाण्यात न जाता निम्मा रोग इथेच सापडला.

आधी बोटीचा तळ लेव्हलमध्ये आणला. ट्रॉलीच्या पुढे जॅक लावून, स्पिरिट लेव्हल तळाच्या मधल्या कण्याला धरून. हे केल्याशिवाय पुढची मापं घेऊ नका, ट्रॉली जराशी तिरकी असली तरी सगळे आकडे खोटे येतात. मग गवंड्याची अॅल्युमिनियमची लांब पट्टी तळाला चिकटवून मागे इंजिनापर्यंत नेली. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जी आडवी प्लेट असते (वरून हवा खेचली जाऊन पंखा मोकळा फिरू नये म्हणून असते ती), ती या पट्टीच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर हवी. आमची निघाली ५५ मिलिमीटर खाली. म्हणजे गिअरचं सगळं धूड पाण्यात गरजेपेक्षा दोन इंच खोल ओढलं जात होतं.

कारण साधं आहे. लाँग शाफ्ट इंजिनाला मागची फळी साधारण २० इंच उंच लागते. आमची भरली १८ इंचांच्याही आत.

दुसरं, पिन. ब्रॅकेटला पाच भोकं. बोटीच्या बाजूने मोजलं तर पिन चौथ्यात. म्हणजे इंजिनाचा खालचा भाग बोटीपासून लांब, बाहेर ढकललेला. पंख्याचा रेटा त्यामुळे तोंड वर उचलतो. भरल्या बोटीत मागे आधीच वजन, त्यात पंखाही तोंड उचलतोय. पिन तिथे कोणी घातली हे कुणालाच सांगता येईना. बोट आली तेव्हापासून ती तिथेच असावी, कारण पिनेवर हिरवट थर धरला होता आणि हातोडीने ठोकून काढावी लागली.

तिसरं, मागच्या फळीचा तिरपेपणा. मोबाइलमधल्या कोन मोजायच्या अॅपने ९ अंश. इंजिनं साधारण १२ ते १४ अंश तिरप्या फळीचा हिशेब धरून बनतात. फळी इतकी उभी असली की पिन पहिल्या भोकात घातली तरी इंजिन हवं तेवढं आत येत नाही. हे तिसरं माप तेव्हा फारसं महत्त्वाचं वाटलं नाही, पण पुढे सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्ला.

तळ कुठे फुगलाय का, खोलगट झालाय का, तेही पट्टी लावून पाहिलं. शेवटच्या चार-पाच फुटांत तळ बाहेर फुगला असेल तर बोट काही केलं तरी डोलते. आमचा सरळ निघाला.

१९ जानेवारी

टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे मोजायचा मीटर, आला. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल, पोस्टेजसह ९०० रुपये. सेटिंगमध्ये इंजिनाचा प्रकार बरोबर निवडावा लागतो, नाहीतर फेरे दुप्पट किंवा निम्मे दाखवतो. गावातल्या लोकांना हा खर्च फुकटचा वाटला. माझं मत पक्कं आहे : ज्याला ट्रिमचं काम करायचंय त्याने पहिली वस्तू हीच घ्यावी. बोट पळते की नाही ते मोबाइलचं जीपीएस सांगतं, पण इंजिनावर ताण पडतोय की पंखा मोकळा फिरतोय हे फेऱ्यांवरूनच कळतं.

आमच्या इंजिनाच्या पुस्तकात फुल रेसला मिनिटाला ४५०० ते ५५०० फेरे लिहिलेत. त्याखाली राहिलं तर इंजिन ओझ्याखाली दबलंय, वर गेलं तर पंखा पाणी पकडत नाही.

२१ जानेवारी

चाचणी कल्लोळ-येडूर बंधाऱ्याच्या वरच्या पाण्यात. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असल्यामुळे पाणी जवळजवळ स्थिर. तरी प्रत्येक आकडा वर जाताना आणि खाली येताना असा दोनदा घेऊन सरासरी काढली, कारण वारा असतोच. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी कळवून ठेवलं होतं. काठावर नावाडी मामा वही घेऊन.

काही न बदलता, पिन चौथ्या भोकात :

दोघंजण बसून फुल रेस, ४८०० फेरे, ताशी ३७ किलोमीटर. बोट डोलतेय, धरून बसावं लागतं.

भरलेली : ३७०० फेरे, ताशी १५. तोंड वरच. पाण्यावर चढलीच नाही, म्हणजे पाणी कापत न जाता त्याच्या पृष्ठभागावरून सपाट पळायला लागलीच नाही.

वजनासाठी माणसं बसवली नाहीत. पाण्याच्या प्लांटमधून २० लिटरचे भरलेले जार आणले. एक जार म्हणजे जवळजवळ वीस किलो, हिशेब सोपा, आणि बोट बुडायला लागली तर ढकलून देता येतात. वीस जार म्हणजे सहा माणसं धरा. पण रेस दिल्याबरोबर तोंड उचललं आणि पुढचे जार गडगडत मागे आले. मागे वजन वाढलं, तोंड आणखी उचललं, त्यामुळे पहिली फेरी बाद. नंतर जार मासे धरायच्या जाळ्यात बांधून टाकले. पण पुरात माणसंही अशीच मागे सरकतात, हे त्या जारांकडे बघून सगळ्यांच्या लक्षात आलं. घाबरलेला माणूस तोंड वर जाताना पाहून मागे, हँडलवाल्याकडे सरकतो.

१५ किलोमीटर आणि ३७०० फेरे याचा अर्थ काय? पंख्यावर १३ पिच लिहिलंय, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात तो १३ इंच पुढे जाईल. गिअर २ ला १, म्हणजे ३७०० ला पंखा १८५० वेळा फिरतो. १८५० गुणिले १३ इंच म्हणजे मिनिटाला ६११ मीटर, ताशी ३६ किलोमीटरच्या वर. प्रत्यक्षात १५. निम्म्याहून जास्त ताकद पाणी घुसळण्यात जातेय. ही वजाबाकी नावाडी मामांना दाखवली तेव्हापासून साठच्या इंजिनाचा विषय त्यांनी स्वतःच बंद केला.

२८ जानेवारी

फक्त पिन बदलली, बाकी काही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

पिन बदलायची रीत, कारण यात बोटं सापडतात : इंजिन बंद, लाल दोरी (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी) काढलेली, इंजिन वर उचलून वरच्या खुट्टीवर लॉक, मग पिन. इंजिन पाऊणशे किलोच्या आसपास आहे. नुसतं हाताने धरून पिन काढायला कुणी बघत असेल तर त्याला तिथेच थांबवा. पिन घातल्यावर तिची क्लिप बसली का बोटाने चाचपून बघायचं, नुसतं बघून भागत नाही.

तिसरं भोक, दोघंजण : डोलणं बरंच कमी, ४८५०, ताशी ३९.
दुसरं भोक, दोघंजण : डोलणं पूर्ण बंद, पण तोंड खाली, पुढून पाण्याचे फवारे अंगावर, हँडल जड. ताशी ३६.
पहिलं भोक, भरलेली : ३८५० फेरे. बोट थोडी उठल्यासारखी करते आणि परत बसते. ताशी १८.

म्हणजे दिशा बरोबर, पण पहिलं भोक पुरेसं नाही. त्या ९ अंशांचा हिशेब इथे भरावा लागला.

४ फेब्रुवारी

आधी उंची. सुतारकाकांनी सागवानाची दीड इंच जाडीची पट्टी मागच्या फळीच्या माथ्यावर बसवून दिली, इंजिन तिच्यावर टेकवलं. प्लेट आता तळाच्या रेषेपेक्षा १५ मिलिमीटर खाली. लाकूड आणि मजुरी मिळून ६५० रुपये. पट्टीच्या कापलेल्या सगळ्या कडांना इपॉक्सी लावली, नाहीतर पाणी पिऊन एका पावसाळ्यात कुजते.

उंची बदलली की बोल्टची भोकं जुळत नाहीत. जुनी भोकं तशीच सोडू नका. आम्ही ती ड्रिलने साफ करून, इपॉक्सीत लाकडी खुंट्या ठोकून भरली, दोन दिवस वाळू दिली आणि नवी पाडली. नुसत्या हाताने पिळायच्या क्लॅम्पवर ४० चं इंजिन ठेवायचं नाही, आरपार बोल्ट हवेतच. शिवाय ब्रॅकेटपासून बोटीच्या कडीपर्यंत साखळी.

पिन तिसऱ्यात, दोघंजण : ५००० फेरे, ताशी ४२. नुसत्या दीड इंचाने तीन किलोमीटर. मागे उडणारं तुषारांचं कारंजंही गेलं.

११ फेब्रुवारी

आणखी एक इंच वर चढवून पाहिलं. सरळ रेषेत बोट आणखी पळते, ४३ च्या वर. पण वळण घेतलं की पंखा हवा ओढतो, फेरे एकदम वर जातात आणि बोट ढकललीच जात नाही. रिकाम्या नदीत चालेल. पुरात झाडाला वळसा घालताना पंख्याने पाणी सोडलं तर धार बोटीला सरळ झाडावर नेईल. जास्तीची पट्टी काढून टाकली. इथे एक रविवार गेला, पण हे आपल्या बोटीवर पाहिल्याशिवाय गावातल्या पोरांना पटलं नसतं.

थंड पाण्याची जी बारीक धार इंजिनाच्या मागून पडते, ती अशा वेळी बघत राहायची. इंजिन फार वर किंवा फार बाहेर असेल तर पाणी घ्यायची जाळी उघडी पडते आणि धार तुटक होते. तुटली की रेस सोडून द्या.

१८ फेब्रुवारी

पाचर. फळी आणि ब्रॅकेटच्या मध्ये पाचर घालून ९ अंशांचे १४ करायचे. आधी लाकडाची करून बघू, बरी वाटली तर धातूची, असं ठरलं. एका वर्कशॉपने पाचर कापून इंजिनही बसवून दिलं. पाण्यात गेलो तर बोट पहिल्यापेक्षा वाईट. भरलेली सोडा, दोघंजण असतानाही उड्या मारायला लागली.

बाहेर काढून पट्टी लावल्यावर कळलं, पाचर उलटी बसवलीय. जाड बाजू खाली. त्यामुळे इंजिनाचं खालचं टोक आणखी बाहेर गेलं. इंजिन आत घ्यायचं असेल तर जाड बाजू वर. वरची बाजू मागे ढकलली जाते, मग खालचं टोक पुढे, बोटीकडे येतं. हे कागदावर रेघा मारून एकदा नीट समजून घ्या आणि मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून बसवून घ्या. बोल्ट पुन्हा काढा, सीलंट खरवडा, पुन्हा लावा, यात सीलंटची अख्खी ट्यूब गेली (४५० रुपये) आणि चाचणीचा दिवस.

२५ फेब्रुवारी

पाचर सुलटी. पिन पहिल्यात. भरलेली बोट.

रेस दिली, तोंड उचललं, क्षणभर तसंच राहिलं आणि मग खाली आलं. खाली आलं ते परत वर गेलंच नाही. बोट पाण्यावर चढली. ४२०० फेरे, ताशी २९. पुढे बसलेल्या पोराने मागे वळून पाहिलं तेव्हा त्याच्या आणि माझ्या मध्ये मोकळं समोरचं पाणी दिसत होतं, बंधाऱ्याचे खांबसुद्धा. काठावरून मामा ओरडत होते, काय ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

अर्ध्या तासाने मात्र क्लॅम्प ढिला. लाकडाची पाचर दाबली गेली होती, ब्रॅकेटच्या पायाचा ठसा तिच्यात दोन-अडीच मिलिमीटर उमटला होता. बोल्ट पुन्हा आवळले आणि बोट हळूहळू परत आणली. लाकडाची पाचर अंदाज घ्यायला ठीक, कायमची नाही.

१० मार्च

बेळगावला उद्यमबागेत जाऊन अॅल्युमिनियमची पाचर मिलिंग करून घेतली. ५ अंश, दोन तुकडे, ब्रॅकेटच्या दोन्ही पायांसाठी. लाकडाची पाचर नमुना म्हणून नेली होती, आणि यावेळी तिच्यावर 'वर' असं पेनाने लिहूनच. २६०० रुपये, वर स्टीलचे लांब बोल्ट, नायलॉक नट आणि मोठे वॉशर ७४०. बोल्ट स्टेनलेसचेच घ्या. जाण्यायेण्यात आणि थांबण्यात दिवस गेला, शेतातली ऊसतोड त्या दिवशी भावाने बघितली.

पाचर लावल्यावर उंचीही किंचित बदलते, ती पुन्हा मोजली. प्लेट १२ मिलिमीटर खाली. ठेवली तशीच.

१७ मार्च

वजन कुठे ठेवायचं याच्यावर आजचा दिवस. पेट्रोलची २५ लिटरची टाकी कायम हँडलवाल्याच्या पायाशी असायची, पाइप आखूड म्हणून. लांब पाइप आणि पेट्रोल ओढायचा नवा रबरी बल्ब घेतला (८२० रुपये) आणि टाकी मधल्या बाकाखाली पट्ट्याने बांधली. नांगर आणि दोर सगळ्यात पुढे. जार मागून काढून पुढच्या दोन बाकांवर.

पिनला हात न लावता, भरलेली बोट पाण्यावर चढायला लागणारा वेळ निम्म्यावर आला. दोघंजण असतानाचं डोलणं पिन तिसऱ्यात ठेवूनही पूर्ण थांबलं. हे काम फुकटात होण्यासारखं होतं आणि पहिल्याच दिवशी करता आलं असतं, तेव्हा तुम्ही सुरुवात इथूनच करा. पिनेआधी टाकी हलवा.

बसवायची रीतही आज ठरली : पहिला माणूस पुढे, मग मध्ये, मागचं बाक शेवटी. चढल्यावर कुणी जागा बदलायची नाही. म्हातारी माणसं आणि पोरं मध्ये, कारण पुढे आपट जास्त बसते.

२४ मार्च

भरल्या बोटीला ४२०० फेरे ही गोष्ट मनातून जात नव्हती. ४५०० च्या खाली फुल रेस म्हणजे चढावर वरच्या गिअरमध्ये भरलेला ट्रॅक्टर. पिस्टनला ते बरं नाही. पाचर, उंची, वजन सगळं झालं, आता पंखाच बदलायला हवा होता. पिच एक इंच कमी केलं की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. आम्हाला तीनशेच्या वर हवे होते, म्हणून १३ ऐवजी ११ पिच.

नवा अॅल्युमिनियमचा पंखा ९८०० रुपये. या कामातला सगळ्यात मोठा खर्च. गावच्या मंडळात यावर बरीच चर्चा झाली. जुना १३ चा पंखा बाद करायचा नाही, बोटीत स्पेअर म्हणून राहील, असं सांगितल्यावर सगळे तयार झाले. पुरात पंखा दगडाला, मोटारीच्या पाइपला, जॅकवेलच्या (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या) कठड्याला लागतोच.

७ एप्रिल

११ पिच, पिन पहिल्यात, भरलेली : ४७५० फेरे, ताशी ३१.
११ पिच, पिन तिसऱ्यात, दोघंजण : ५४५० फेरे, ताशी ४०.

रिकाम्या बोटीचा वेग १३ च्या पंख्यापेक्षा कमी झाला आणि फेरे वरच्या हद्दीला टेकले. दोघंच असताना फुल रेस द्यायची नाही एवढं पथ्य पाळायचं. ही बोट शर्यतीसाठी नाही. भरलेली चढते का, हाच प्रश्न होता.

पाचही भोकं करून बघितली. चौथं आणि पाचवं आम्हाला कामाचं नाही, तिथे बोट पुन्हा डोलायला लागते.

२१ एप्रिल

राहिलेली दोन कामं.

हँडल सैल सोडलं की बोट उजवीकडे ओढायची, आणि पिन आत घेतल्यापासून ते ओढणं वाढलं होतं. तासभर चालवलं की दंड भरून येतो. प्लेटच्या खाली, पंख्याच्या मागे एक छोटा पंखासारखा तुकडा असतो, ट्रिम टॅब. बोट उजवीकडे ओढत असेल तर त्याचं मागचं टोक उजवीकडे वळवायचं, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. हे उलटं वाटतं, पण तसंच आहे. सैल करण्याआधी मार्करने रेघ मारून ठेवा. थोडंसं वळवून, चालवून, पुन्हा थोडं. भरलेल्या बोटीच्या वेगाला सरळ करून घेतलं, रिकामी असताना किंचित ओढते ते चालेल. हा तुकडा बहुतेक इंजिनांवर गंज स्वतःवर घेणारा असतो, त्याला रंग लावायचा नाही. आमच्या टॅबवर मागच्या वर्षी कुणीतरी हौसेने निळा रंग मारला होता, तो खरवडून काढला.

दुसरं, रिव्हर्स. रिव्हर्सचा लॉक न लावता मागे घेतली तर इंजिन उसळून पाण्याबाहेर येतं. आज किनाऱ्याजवळ मुद्दाम करून नव्या पोरांना दाखवलं, अगदी कमी रेसला.

५ मे

केंदाळ, म्हणजे जलपर्णी. पंचगंगेतून येतं ते नरसोबाच्या वाडीपासून खाली आमच्यापर्यंत. आज पाणवठ्याजवळ दाट चटईच होती. पिन पहिल्यात असली की केंदाळ पंख्यात जास्त अडकतं असं मामांचं म्हणणं. करून पाहिलं. फरक आहे, पण त्यासाठी पिन बदलण्यात अर्थ नाही, कारण ती पाण्यात असताना सहज बदलता येत नाही. उपाय तोच जुना : रेस सोडायची, न्यूट्रल, एक क्षण रिव्हर्स, पुढे. तरी फेरे पडलेले राहिले तर इंजिन बंद करून उचलायचं आणि विळ्याने कापायचं. विळा दोरीने बांधून बोटीत ठेवला.

उथळ पाण्याचा लिव्हरही आज तपासला. शेतात पाणी गुडघाभर असताना इंजिन अर्धं वर ठेवून चालवायची ती सोय. ती फक्त हळू चालण्यापुरती. त्या अवस्थेत जोरात रेस दिली की तोंड पुन्हा आभाळाकडे, आणि थंड पाण्याची धार तुटते. ऊस बुडालेला असेल तिथे तर पाण्यावर चढवून पळवायचीच नाही. खाली विहिरीचे कठडे, तारा, मोटारीचे पाइप आहेत. चढून पळायचं ते फक्त मुख्य धार ओलांडताना. वस्तीजवळ पूर्ण हळू. ना अर्धवट जोरात, ना तोंड उचलून, कारण सगळ्यात मोठी लाट त्याच अवस्थेत उठते आणि ती भिंती पाडते.

२६ मे

पिनची जागा पुराआधीच ठरवून ठेवायची, ऐनवेळी नाही. आमच्या बोटीला सोडवायला जाताना दोघं-तिघं आणि येताना सहा-सात. जाताना पिन तिसऱ्यात आणि येताना पहिल्यात, असं वाहत्या पाण्यात कुणी करू शकणार नाही. म्हणून पावसाळाभर पिन पहिल्यात. जाताना तोंड जरा खाली राहील, हँडल जड जाईल, अंगावर पाणी येईल. ते सोसायचं, आणि जाताना एकाने मागच्या बाकावर बसायचं, म्हणजे तोंड थोडं उचलतं. रोजच्या फेऱ्यांना, सराव करताना, पिन तिसऱ्यात.

हे सगळं बोटीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून घेतलं. हँडलवर कोण बसेल ते त्या दिवशी सांगता येत नाही.

खर्च : टॅकोमीटर ९००, लाकूड आणि मजुरी ६५०, सीलंट दोन ट्यूब ९००, पाचर २६००, बोल्ट ७४०, पाइप आणि बल्ब ८२०, पंखा ९८००. एकूण १६,४१०. पेट्रोल, ऑइल आणि ट्रॅक्टर वेगळे, ते मंडळातल्या लोकांनी वाटून घेतले. पंखा सोडला तर ६,६१०, आणि बोट पाण्यावर चढली ती पंखा बदलण्याआधीच.

२ जून

जादा पिन आणि दोन क्लिपा मिळाल्या, ३२० रुपये. एक सेट इंजिनाच्या झाकणात टेपने चिकटवला, एक मामांच्या घरी. सगळे बोल्ट टॉर्क लावून पुन्हा आवळले, साखळी तपासली, गिअर ऑइल बदललं. जुनं ऑइल दुधाळ नव्हतं, म्हणजे सील ठीक आहे. पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर बदलायचा राहिलाय, तो आला की बसवायचा आणि कल्लोळला बरगे काढण्याआधी एकदा पूर्ण भरून चालवून बघायची.